विळीचे दात

मी पुण्याची, तीही पेठेतली, त्यामुळे लोहार हा माणूस मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. बलुतेदारांवरचं उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं आणि बाईंनी शेजारी लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिला होता. खरा लोहार बघायला मात्र मला उत्तर आयर्लंड गाठावं लागलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला तिथल्या एका खेड्यात जीपीची, म्हणजे गावच्या डॉक्टरची, जागा मिळाली. लंडनला ईलिंगमध्ये राहणारी मावसबहीण फोनवर म्हणाली, “अगं, तिथे बॉम्ब फुटतात, आणि नारळ मिळत नाहीत!” तिला दोन्हीतली जास्त काळजी कशाची वाटत होती हे मी विचारलं नाही. आम्ही गेलो. खेडं म्हणजे एक रस्ता, दोन चर्च, तीन पब आणि एक पोस्ट ऑफिस. आमचं घर गावापासून दोन मैलांवर होतं, आणि त्याच्या चारी बाजूंना मेंढ्या होत्या.

पण त्या एका रस्त्यावर माझं अख्खं शाळेतलं उत्तर जिवंत उभं होतं. ओढ्याच्या काठी एक म्हातारा विलोच्या काटक्या पाण्यात भिजत घालून टोपल्या विणायचा. माझ्यासाठी त्याने पोळ्यांची टोपली विणली, आणि पोळ्या गोल असतात यावर त्याचा विश्वास बसावा म्हणून मला एक पोळी नेऊन दाखवावी लागली. ती त्याने खाऊन टाकली आणि माप विसरला, म्हणून मी दुसरी नेली. छपरं शाकारणारा एक जण होता, तो चहासाठी कधी खाली उतरायचा नाही. त्याचा कप शिडीवरून वर पोचवायचा, ही त्या घरच्या बाईची जबाबदारी. चुना-माती न लावता नुसते दगड रचून कुंपणं बांधणारे दोन भाऊ होते. ते एकमेकांशी बोलत नसत, पण भिंत सरळ यायची.

आणि लोहार. लोहार म्हणजे दंडाला बेटकुळ्या असलेला आडदांड गडी, अशी माझी पुस्तकी समजूत. हे गृहस्थ साठी ओलांडलेले, उंच, काटकुळे आणि चष्मेवाले होते. बायको नव्हती, मुलगी बेलफास्टला होती. घोडे कमी झाले होते, त्यामुळे फाटकं, नांगराचे फाळ, जळणाची टर्फ माती कापायची फावडी, असलं काम चालायचं. तापलेलं लोखंड बुडवायचं त्यांचं दगडी कुंड होतं, आणि त्यातल्या पाण्याने हातावरचे चामखीळ जातात अशी गावाची पक्की खात्री होती. माझ्या नवऱ्याचे पेशंट त्याच्याकडून मलम घ्यायचे आणि घरी जाता जाता लोहाराच्या कुंडात हात बुडवायचे. चामखीळ गेला की श्रेय कुंडाला. राहिला की डॉक्टर इंडियन होता.

या लोहाराची एक गोष्ट मला पोस्टातल्या बाईने पहिल्याच आठवड्यात सांगितली. चाळीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलेलं नव्हतं. बिजागरी सैल आहे, फाळ वाकडा बसतो, असं म्हणत कुणीही त्या दारात पुन्हा उभं राहिलेलं नव्हतं. मुलगी मागे लागली होती की बाबा, पुरे करा, माझ्याकडे राहायला या. त्यावर त्यांनी भर पबमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं: ज्या दिवशी माझं काम या दारातून परत येईल, त्या दिवशी मी भट्टी विझवीन, त्याआधी नाही. आणि हा माणूस बोलला ते करतो, हे सांगताना पोस्टातल्या बाईने तिकिटावर शिक्का जरा जोरातच मारला.

माझ्याकडे आईची विळी होती. लग्नानंतर इकडे येताना आईने तिची स्वतःची मला दिली आणि स्वतःसाठी नवी घेतली. “नवी विळी हाताला बसायला दहा वर्षं लागतात, तुला परदेशात कुठे तेवढा वेळ,” असं तिचं म्हणणं. शिसवी पाट, पुढे वाकलेलं पातं आणि टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. पाच-सहा वर्षांनी ती खिळखिळी झाली. पातं डुगडुगायला लागलं आणि धार तर अशी गेली की कोबी चिरण्याऐवजी चेचला जायचा. गणपती दहा दिवसांवर आले होते. त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे गणपती बसणार होता आणि उत्तर आयर्लंडभर विखुरलेली आमची मराठी डॉक्टर मंडळी, सगळी मिळून नऊ घरं, मोदकाला येणार होती.

“फूड प्रोसेसरमध्ये टाक की नारळ,” नवरा म्हणाला.

“तुम्ही ऑपरेशनं टोस्टरमध्ये करता का?” मी म्हटलं आणि विळी गाडीत टाकून निघाले.

वाटेत ब्रिटिश आर्मीचा चेकपॉइंट होता. एव्हाना आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. काच खाली करायची, लायसन्स दाखवायचं, हवेबद्दल दोन शब्द बोलायचे. त्या दिवशी मात्र एका कोवळ्या सोल्जरने डिकी उघडली आणि तो नुसता बघतच राहिला.

“मॅडम, हे काय आहे?”

“भाजी चिरायची आहे.”

“म्हणजे हा चाकू आहे?”

“छे. चाकू हातात धरतात. ही पायाखाली धरतात.”

त्याने सार्जंटला बोलावलं. सार्जंटने प्रात्यक्षिक मागितलं. मी कोट सावरून, साडी आवरून, रस्त्याकडेच्या गवतावर एक गुडघा वर करून विळीवर बसले आणि सार्जंटच्याच खिशातलं सफरचंद चिरलं. मागे दोन ट्रॅक्टर आणि एक दुधाची गाडी थांबली होती. फोडी चेचल्या गेल्या, तशाच तिघांनी खाल्ल्या. “धार गेलीय,” सार्जंट म्हणाला. “म्हणूनच लोहाराकडे चाललेय,” मी म्हटलं. त्याने मला सॅल्यूट ठोकला की कपाळावरची माशी मारली, ते नक्की सांगता येणार नाही.

लोहाराच्या दारात पोचले तेव्हा ते भात्याशी होते. मी विळी ऐरणीजवळ ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, पातं उघडलं, मिटलं, पाटावर बोट वाजवलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षं लोहारकी केलेल्या माणसाने एका बाईला लोखंडाबद्दल प्रश्न विचारायचा म्हणजे काय! आणि मीही सांगितलं नाही. रस्त्यावर एकदा बसून दाखवलं होतं, तेवढं पुरे झालं होतं. शिवाय एवढं साधं अवजार समजत नसेल तर तो लोहार कसला, हा माझा पेठेतला ताठा. “धार लावायची आणि घट्ट करायची,” एवढंच मी म्हटलं. “होईल, मिसेस डॉक्टर,” एवढंच ते म्हणाले. पुढचं सगळं रामायण या दोन वाक्यांमुळे घडलं.

सहा दिवसांनी आणायला गेले. विळी ओळखू येत नव्हती इतकी देखणी झाली होती. नवा रिवेट बसवलेला, पाटाला जवसाचं तेल चोळलेलं, धार अशी की बघूनच बोट मागे घ्यावं. आणि टोकाला, जिथे खवणीचे दात होते तिथे, गुळगुळीत गोल चकचकीत लोखंड. एकही दात नाही.

“टोकाला फार खाल्लं गेलं होतं,” ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले. “गंजाने असेल, नाहीतर कुणी दगडावर आपटलं असेल. सगळं कानसून साफ केलं. आता बोट फिरवून बघा, लागायचं नाही.”

मी बोट फिरवलं. खरंच लागलं नाही. चाळीस वर्षांची कीर्ती माझ्या हातात होती, आणि ती परत त्यांच्या हातात द्यायची मला हिंमत नव्हती. आपण कानसलेल्या जागेकडे ते इतक्या प्रेमाने बघत होते की मी म्हणाले, “फारच सुंदर झालंय.”

“ही चालताना बघायला आवडेल मला,” ते म्हणाले.

काही सुचेनासं झालं की जेवायला बोलवायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. माझ्या तोंडून निघून गेलं, “शनिवारी या ना, आमच्याकडे पूजा आहे!” गाडीत बसल्यावर मी स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं.

घरी नवरा आधी पोट धरून हसला आणि मग शहाण्यासारखं म्हणाला, “अगं, सरळ जाऊन सांग. पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि त्यांनी भट्टी विझवली तर? तुम्ही जाणार त्यांना बेलफास्टला पोचवायला?”

“इतकं कोणी करत नाही.”

“तुम्ही ओळखत नाही त्यांना. तुम्ही फक्त त्यांचं ब्लडप्रेशर ओळखता.”

शेवटी ठरलं की विळी कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. मी ती वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांखाली लपवली. बेलफास्टच्या चिनी दुकानातून आणलेले सात नारळ मी चीज किसायच्या किसणीवर किसले. ज्याने हे कधी केलं नसेल त्याने करू नये. दुसऱ्या नारळाला अंगठा गेला, चौथ्याला मधलं बोट. सातव्या नारळापर्यंत पाच बोटांना चिकटपट्टीची प्लास्टरं होती आणि माझी आयर्लंडपासून चीजपर्यंत सगळ्यांना नावं ठेवून झाली होती.

शनिवारी दुपारी नऊही घरं आली. हॉल चपलांनी आणि ओल्या कोटांनी भरला. आरती झाली, मोदकांची पहिली वाफ निघाली, आणि दारात लोहार उभे. रविवारचा काळा सूट, हातात टोपी, बगलेत बटाट्यांची पिशवी. ते गणपतीसमोर मान खाली घालून चांगला वेळ उभे राहिले. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बरं, कुठे आहे ती?”

मी म्हणाले, “कोण?” आणि माझ्या नवऱ्याने, ज्याला जन्मात खोटं बोलता आलेलं नाही, सांगून टाकलं, “वर कपाटात.”

आमच्यात एक काकू होत्या, सीनियर कन्सल्टंटांच्या पत्नी, मूळच्या दादरच्या. आवाज खणखणीत आणि मनात आलेलं तोंडात थांबायचं नाही. विळी आहे आणि आपण अजून पाहिली नाही हे काकूंना सहन होण्यासारखं नव्हतं. त्या स्वतः वर गेल्या, विळी घेऊन खाली आल्या, पूजेतली नारळाची वाटी उचलली आणि हॉलच्या मधोमध विळीवर बसल्या. सगळे गोल करून उभे राहिले. लोहार पहिल्या रांगेत.

वाटी सटकली. काकूंनी परत लावली, परत सटकली. मग त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला.

“अगं बाई! हिचे दात कुठे गेले? कुठल्या शहाण्याने हे असं सपाट करून ठेवलंय?”

हे सगळं मराठीत होतं, पण अंगठा कोणत्याच भाषेत नव्हता. लोहारांनी काकूंच्या हातातली वाटी पाहिली. आतलं पांढरं खोबरं पाहिलं. विळीचं टोक पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझी बोटं पाहिली, पाचही प्लास्टरं, एकेक करून. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“किती होते?” त्यांनी मला विचारलं.

मला सांगता येईना. जन्मभर ज्या खवणीवर नारळ खवला तिचे दात कुणी मोजतं का? काकू म्हणाल्या वीस. दुसरी म्हणाली छे, बत्तीस तरी. तिसरी म्हणाली, माझ्या सासूबाईंच्या खवणीला सतरा आहेत, पण दोन पडलेत. तिघीही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आपापल्या माहेरची खवणी काढायला लागल्या आणि एकीचं चित्र दुसरीला पटेना. लोहारांनी तो कागद शांतपणे घेतला, घडी करून खिशात ठेवला, विळी मिटून बगलेत घेतली. मी त्यांच्या हातात डब्यात अकरा मोदक आणि ती नारळाची वाटी कोंबली. ते तसेच निघून गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सात नारळ वाया गेले तरी मी रडले नसते. एका माणसाला आपल्या घरी जेवायला बोलावून, नऊ घरांसमोर त्याचं चाळीस वर्षांचं नाव घालवलं, याचं रडू होतं ते. काकू आत आल्या, त्यांना मी सगळं सांगितलं. काकूंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. मग म्हणाल्या, “तू सांगितलं का नाहीस गं त्याला सुरुवातीलाच?”

रविवारी तिथे कोणीच काम करत नाही. सोमवारी सकाळी मी गाडी काढली. गावाबाहेरच्या वळणावरून लोहाराचं धुराडं दिसतं. त्या वळणाला पोचेपर्यंत मी मनात गणपतीला एकवीस मोदक कबूल केले होते, किसणीवर किसून.

धूर होता.

मी गाडी रस्त्यातच सोडून धावत गेले. दार अर्धं उघडं होतं. आत भट्टी पेटलेली, आणि ते ऐरणीपाशी, काजळीच्या जमिनीवर, एक गुडघा वर करून विळीवर बसले होते. दोन्ही हातांत नारळाची वाटी. दोन दिवसांचं ते खोबरं त्यांच्या बुटांवर पांढरंशुभ्र भुरभुरत होतं. खवणीला दात होते. तिकोनी कानशीने एकेक करून काढलेले, मध्ये मोठे आणि कडेला बारीक.

“चोवीस,” ते मान वर न करता म्हणाले. “तुमच्या बायकांच्या आकड्यांची सरासरी काढली. पण बसायची ही रीत भयंकर आहे, मिसेस डॉक्टर. माझा गुडघा गेला.”

मी म्हटलं, “मला वाटलं, तुम्ही भट्टी... म्हणजे, काम परत आलं ना.”

ते उठले, गुडघा चोळला, विळी मिटली आणि माझ्या हातात दिली.

“परत आलं नाही,” ते म्हणाले. “मी जाऊन आणलं.”

त्यानंतर भट्टी पुढे कितीतरी वर्षं चालली. काकूंनी त्यांच्याकडून विळी बनवून घेतली, मग इतर बायकांनी. काकूंची पाहायला बेसिंगस्टोकहून त्यांची भाची आली, तीही एक घेऊन गेली. प्रत्येक विळीच्या वेळी त्यांनी बसून आधी सगळं विचारून घेतलं आणि प्रत्येक बाईने न विचारलेलंही सांगितलं. माझी विळी दर वर्षी गणपतीआधी त्यांच्याकडे धारेला जायची आणि शनिवारी ते मोदकाला यायचे. ते हातात मोदक धरून चोच मोडून बघायचे, कळ्या सारख्या आल्यात का, आणि नाही आल्या तर सांगायचे. चेकपॉइंटवरची पोरं बदलत राहिली, पण नवीन आलेल्यांना बहुतेक कुणीतरी सांगून ठेवत असावं. विळी दिसली की सफरचंद पुढे यायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला आमच्या मुलीच्या शाळेसाठी आम्ही लंडनला, हॅरोला जायचं ठरवलं. सामान ट्रकमध्ये गेलं, पण विळी मी बरोबर ठेवली होती. निघायच्या दिवशी तिला शेवटची धार लावून घ्यायला गेले. त्यांचे हात तेव्हा थोडे कापायला लागले होते. डोळ्यांचं ऑपरेशन माझ्या नवऱ्याने मागे लागून लागून करवून घेतलं होतं. त्यांनी विळी कागदात गुंडाळली, सुतळी बांधली, गाठ दोनदा तपासली. मी आशीर्वाद मागितल्यासारखी उभी होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग ते कुंडाकडे बघत म्हणाले, “नीट चालली नाही तर परत घेऊन या.”

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. परत काम आलं तर भट्टी विझवणारा हा माणूस. मग लक्षात आलं, ते विळीबद्दल बोलत नव्हते. मी नुसती मान हलवली.

हॅरोच्या स्वयंपाकघरात ती विळी अजून आहे. रिवेट हललेला नाही, चोवीसच्या चोवीस दात शाबूत आहेत. मी दर गणपतीला नारळ खवताना वाट बघायचे, कुठे काही ढिलं होतंय का, एखादा दात पडतोय का. एकदाही पडला नाही. त्यांच्या कामाबद्दल माझी तेवढी एकच तक्रार आहे.